रद्दी कागद व परसबागेतील भाजीपाला

परसबागेतील भाजीपाल्याला दोन गोष्टींचा जाच नेहमी होतो. उन्हाळ्यात पाणी पुरत नाही आणि पाऊस सुरू झाला की तण आवरत नाही. फाल्गुन-चैत्रात विहिरीचे पाणी खाली गेले म्हणजे परसातील वांगी-मिरचीच्या चार वाफ्यांची आबाळ होऊ लागते. घरखर्चाच्या पाण्यातून दोन हंडे वाचवून ते झाडांना घालण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असते. दुपारच्या उन्हात ह्या पाण्याचा मोठा भाग झाडाच्या उपयोगी न पडता उडून जातो. वैशाखात वाफे वाळले म्हणजे पावसाळ्यापर्यंत भाजी विकत आणावी लागते किंवा तिच्यावाचून राहावे लागते.

ह्या अडचणीत उपयोगी पडणारी एक वस्तू जवळजवळ प्रत्येक गावात पडून असते. ती म्हणजे रद्दी कागद. जुनी वर्तमानपत्रे, मुलांच्या भरलेल्या वह्या, किराणा दुकानातील पुठ्ठ्याची खोकी, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे ह्यांपैकी विकण्याजोगा भाग रद्दीवाल्याकडे जातो. भिजलेला, फाटलेला व मळलेला कागद मात्र उकिरड्यावर पडतो किंवा काडी लावून जाळला जातो. हा उरलेला कागद भाजीपाल्याच्या वाफ्यात नीट वापरला तर पाण्याची बचत होते, खुरपणीचे श्रम कमी होतात आणि शेवटी तो जमिनीत मिसळून तिच्यातील सेंद्रिय द्रव्यात थोडी भर घालतो.

परंतु ह्याच कागदाचा चुकीचा वापर केल्यास पिकाचे नुकसानही होते. कागद कुजतो हे ऐकून काही जण त्याचे तुकडे करून सरळ मातीत मिसळतात आणि महिन्याभराने रोपे पिवळी पडलेली पाहून कागदालाच दोष देतात. म्हणून प्रथमच एक नियम सांगून ठेवणे इष्ट आहे : कागद जमिनीवर पांघरावा, तो कच्चा जमिनीत पुरू नये. पुढील सर्व विवेचन ह्या एका नियमाचेच स्पष्टीकरण होय.

कागद हे खत का नव्हे?

कागद हा लाकडाच्या किंवा तत्सम वनस्पतींच्या तंतूंपासून तयार होतो. त्यात कर्ब पुष्कळ व नत्र नाममात्र असते. एक किलो कोरड्या वर्तमानपत्रात सुमारे ४०० ग्रॅम कर्ब असतो, तर नत्र जेमतेम १ ग्रॅम भरते. म्हणजे कर्ब व नत्र ह्यांचे प्रमाण चारशेस एक किंवा त्याहूनही अधिक असते. चांगले कुजण्यासाठी हे प्रमाण पंचवीस ते तिसांस एक असावे लागते. ताज्या शेणात ते वीस-पंचवीसांच्या घरात आणि हिरव्या पाल्यात व भाजीच्या देठांत साधारण पंधरा-वीसांच्या आसपास असते.

जमिनीतील सूक्ष्म जंतूंना कर्ब हे अन्न असले तरी स्वतःचे शरीर घडविण्यासाठी त्यांना नत्रही लागते. कागदात नत्र नसल्याने ते जंतू जमिनीतील उपलब्ध नत्र ओढून घेतात. त्याच नत्रावर भाजीची मुळे अवलंबून असतात. ह्या ओढाताणीत जंतू जिंकतात. परिणामी रोपांची खालची पाने प्रथम फिकट व नंतर पिवळी होतात, वाढ खुंटते आणि फळधारणा उशिरा होते. पुढे जंतू मरतात तेव्हा हे नत्र जमिनीस परत मिळते. पण तोपर्यंत दोन-तीन महिन्यांचे पीक हातचे गेलेले असते.

कागद जमिनीच्या पृष्ठभागावर पसरला असता हा धोका फारसा राहत नाही. कारण माती व कागद ह्यांचा संबंध केवळ वरच्या पातळ थरात येतो आणि मुळांच्या क्षेत्रातील नत्र सुरक्षित राहते. म्हणून पांघरण्याचा कागद आणि कुजविण्याचा कागद ह्यांची कामे वेगळी समजावीत. पांघरलेला कागद वाफ्यात राहतो. कुजवावयाचा कागद आधी खतखड्ड्यात जातो व खत होऊनच वाफ्यात येतो.

कोणता कागद घ्यावा, कोणता वर्ज्य करावा?

वापरण्यास योग्य कागद पुढीलप्रमाणे : वर्तमानपत्राची काळ्या शाईत छापलेली पाने, वह्यांचे व उत्तरपत्रिकांचे कागद, साधा तपकिरी पुठ्ठा, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. वह्यांच्या पिना, खोक्यांवरील चिकटपट्ट्या व प्लॅस्टिकची लेबले आधी काढून टाकावीत. पिना वाफ्यात राहिल्यास खुरपणी करणाऱ्यांच्या बोटांस इजा होते.

खालील कागद परसबागेत आणू नये :

१. गुळगुळीत, चकचकीत मासिके, रंगीत जाहिराती आणि सोनेरी-चंदेरी छपाईच्या लग्नपत्रिका. ह्यांवर लेप किंवा प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो.

२. चहाचे कागदी पेले व दुधाची-रसाची खोकी. ह्यांना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. कागद कुजतो व प्लॅस्टिकच्या चिंध्या जमिनीत राहतात.

३. यंत्रातून उष्णतेने छापून निघणाऱ्या गुळगुळीत पावत्या. ह्यांवर रासायनिक लेप असतो.

४. कीटकनाशकांची व तणनाशकांची खोकी. ती कितीही स्वच्छ दिसली तरी वापरू नयेत. सिमेंटच्या कागदी पिशव्या व फटाक्यांचे कागदही वर्ज्य समजावेत.

छपाईच्या शाईविषयी शेतकरी बंधू-भगिनी शंका विचारतात आणि ती योग्यच आहे. शाईत आरोग्यास अपायकारक द्रव्ये असू शकतात. ह्याच कारणासाठी अन्न सुरक्षा आणि मानके विषयक वेष्टनाच्या २०१८ च्या विनियमांनी वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ ठेवण्यास व गुंडाळण्यास मनाई केली आहे. म्हणून भाजीचा खाण्याचा भाग छापील कागदास लागू देऊ नये. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी, मांडवावरील दोडका व कारली ह्यांची फळे जमिनीपासून वर असतात; त्यांच्या वाफ्यात वर्तमानपत्र चालते. काकडी किंवा भोपळा जमिनीवर पसरला असेल तर साधा न छापलेला पुठ्ठा घ्यावा व त्यावर काडाचा थर द्यावा. तोडलेली भाजी वर्तमानपत्रात बांधून बाजारास पाठवू नये.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. स्वच्छ, कोरड्या रद्दीपासून पुन्हा कागद तयार होतो आणि देशातील कागद गिरण्यांना रद्दी परदेशातूनही आणावी लागते. तेव्हा विकली जाणारी चांगली रद्दी विकावी. परसबागेच्या वाट्यास रद्दीवाला न घेणारा कागद यावा, हा व्यवहार शेतकऱ्याच्याही हिताचा आहे.

आच्छादन कसे करावे?

वर्तमानपत्राचा एक किलो कागद सहा पदरी अंथरला असता साधारण तीन चौरस मीटर, म्हणजे तीन मीटर लांब व एक मीटर रुंद असा एक वाफा झाकतो. एका गुंठ्याच्या परसबागेत पाट व वाटा सोडून साठ चौरस मीटर वाफे धरले तर सुमारे वीस किलो कागद लागतो. एका घरच्या रद्दीतून इतका कागद जमण्यास काही महिने लागतात. तेव्हा पावसाळा संपताच कागद साठविण्यास आरंभ करावा आणि तो कोरड्या जागी, भिंतीपासून दूर फळीवर ठेवावा. हा उपाय परसबागेपुरताच आहे. एकर-दोन एकर भाजीपाल्यासाठी उसाचे पाचट, गव्हाचे काड किंवा सोयाबीनचा भुसा हीच आच्छादने परवडतात.

आच्छादन करण्याची रीत अशी :

प्रथम वाफ्यातील तण मुळासकट खुरपून काढावे. चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे व वाफा सपाट करून भरपूर पाणी द्यावे. कोरड्या जमिनीवर कागद घातल्यास ती कोरडीच राहते, हे लक्षात ठेवावे. दुसऱ्या दिवशी वाफसा आल्यावर रोपे लावावीत.

रोपे रुजून आठ-दहा दिवस झाले म्हणजे कागद बादलीत बुडवून ओला करावा. ओला कागद जमिनीस चिकटतो व वाऱ्याने उडत नाही. सहा ते आठ पदर एकावर एक अंथरावेत. दोन कागदांच्या कडा एकमेकींवर वीतभर चढवाव्यात, नाही तर फटीतून तण वर येते. पुठ्ठा असल्यास एकच थर पुरतो. रोपाच्या खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. खोडाला ओला कागद चिकटून राहिल्यास साल कुजते.

कागदावर पाचट, काड, भुसा किंवा वाळलेला पाला दोन ते तीन इंच पसरावा. ही पायरी गाळू नये. उघडा कागद उन्हात कडक होऊन त्यावरून पाणी वाहून जाते, शिवाय तो वाऱ्याने फाटून गावभर होतो. वरचा पाला कागदास दाबून धरतो व त्याची ओल टिकवितो.

पाणी नेहमी खोडाजवळच्या मोकळ्या जागेत द्यावे. लाकडी काठीने कागद एका कोपऱ्यात उचलून बोटाने ओल पाहावी. बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत माती ओलसर लागली तर त्या दिवशी पाणी देण्याची गरज नाही. आच्छादनापूर्वीच्याच सवयीने रोज पाणी घालीत राहिल्यास बचत तर होत नाहीच, उलट मुळे गुदमरतात.

गाजरगवत, माठ, घोळ इत्यादी बियांपासून उगवणारी तणे कागदाखाली प्रकाशावाचून मरतात. लव्हाळ्याचे अणकुचीदार कोंब मात्र कागद भेदून वर येतात आणि हरळी कडेने आत शिरते. अशा वाफ्यात गाठी व काशा आधी खणून काढल्यावाचून कागदावर भिस्त ठेवू नये. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा ह्या दाट पेरल्या जाणाऱ्या पिकांत असे आच्छादन करता येत नाही. रोपवाटिकेत मात्र बी पेरल्यावर ओला, न छापलेला कागद झाकून ठेवावा व पहिले कोंब दिसताच सायंकाळी तो काढून घ्यावा. काढण्यास दिवसभराचाही उशीर झाला तर रोपे पांढुरकी व लांबट होतात.

वाळवी व गोगलगाय ह्यांपासून सावधगिरी

कागद हे वाळवीचे आवडते खाद्य आहे. हलक्या, कोरड्या जमिनीत वारूळ जवळ असेल तर कागद पांघरणे म्हणजे वाळवीस आमंत्रण होय. म्हणून कागदाचे आच्छादन घराच्या भिंतीपासून, लाकडी खांबांपासून व फळझाडांच्या कोवळ्या कलमांपासून निदान एक मीटर दूर ठेवावे. आठवड्यातून एकदा दोन-तीन ठिकाणी कागद उचलून पाहावा. मातीच्या बारीक नळ्या दिसल्यास तेथील कागद काढून खतखड्ड्यात ओल्या थरात टाकावा आणि त्या वाफ्यात केवळ पाल्याचे आच्छादन ठेवावे. ज्या परसात वाळवीचा उपद्रव कायमचा आहे, तेथे कागद पांघरण्याचा आग्रह धरू नये.

पावसाळ्यात धोका निराळा असतो. सतत ओल्या राहणाऱ्या कागदाखाली गोगलगाईंना आसरा मिळतो. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव (त्या वेळचे उस्मानाबाद) ह्या भागांत शंखी गोगलगाईंनी सोयाबीनचे कोवळे पीक खाऊन शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आणली होती. त्यामुळे मृग लागताच वाफ्यातील कागदी आच्छादन काढून घ्यावे किंवा रोपे हातभर उंच होईपर्यंत नव्याने घालू नये.

तथापि गोगलगाईंची हीच सवय आपल्याला उपयोगी पडते. परसाच्या कडेला ओल्या पुठ्ठ्याचे तुकडे सायंकाळी ठेवावेत. उजाडण्याच्या सुमारास ते उलटून खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून किंवा चिमट्याने गोळा कराव्यात व साबणाच्या अथवा मिठाच्या पाण्यात टाकून नष्ट कराव्यात. मिठाचे पाणी वाफ्यात ओतू नये.

खतखड्ड्यात कागदाचे प्रमाण

टाकाऊ वनस्पतिजन्य पदार्थांपासून शास्त्रीय रीतीने खत करण्याच्या कामी आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. इंदूर येथील वनस्पती उद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ ह्या काळात अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख ह्यांचे थर रचून खत करण्याची पद्धत सिद्ध केली आणि १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील नारायण देवराव पांढरीपांडे ह्यांनी जाळीदार विटांच्या हौदात थोड्या शेणात खत करण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावावरूनच ती नाडेप ह्या नावाने ओळखली जाते. ह्या दोन्ही पद्धतींचा गाभा एकच आहे : कर्बयुक्त कोरडा कचरा, नत्रयुक्त ओला पदार्थ, पाणी व हवा ह्यांचा मेळ बसला पाहिजे. कागद हा कोरड्या कचऱ्यातील सर्वांत कोरडा, सर्वांत कर्बयुक्त पदार्थ समजावा.

आता हिशेब पाहू. एक किलो कागदातील ४०० ग्रॅम कर्बास तिसांस एक ह्या प्रमाणात सुमारे १३ ग्रॅम नत्र लागते. गुरांच्या मूत्रात नत्र शेकडा एकच्या आसपास असते. त्यामुळे एक किलो कागदास सव्वा ते दीड लिटर गोमूत्र, आणि वाफेवाटे उडून जाणाऱ्या नत्राची तूट धरल्यास दोन लिटर, असे प्रमाण ठेवावे. ते तितक्याच पाण्यात मिसळून शिंपडावे. गोमूत्र मिळत नसेल तर एक किलो कागदामागे पाच किलो ताजा हिरवा पाला किंवा भाजीची देठे-साले घालावीत. केवळ शेणाने हे काम साधावयाचे म्हटले तर एक किलो कागदास पंधरा किलो ताजे शेण लागेल. म्हणून शेणाचा थोडा काला जंतू पुरविण्यासाठी वापरावा आणि नत्राची भरती गोमूत्राने किंवा हिरव्या पाल्याने करावी. व्यवहारात सोपे प्रमाण हेच की, ढिगातील एकूण कचऱ्याच्या वजनात कागद एक दशांशाहून अधिक नसावा.

ढीग रचताना कागद सपाट घालू नये. सपाट कागदाचे पदर एकमेकांस चिकटून हवा कोंडते व आत वर्षभर कागद तसाच राहतो. तो बोटभर रुंद पट्ट्या करून किंवा चुरगळून, भिजवून घालावा. तळाशी तुरकाठ्या किंवा पऱ्हाट्यांचा वीतभर थर द्यावा. त्यावर पाला व कागद ह्यांचा मिश्र थर, त्यावर शेणकाला, वर मातीचा पातळ थर, अशी रचना छातीइतक्या उंचीपर्यंत करावी. मूठभर मिश्रण दाबल्यावर एक-दोन थेंब पाणी निघावे; धार लागू नये आणि हात कोरडाही राहू नये. तीन आठवड्यांनी व पुन्हा सहा आठवड्यांनी ढीग उलथावा. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. खतात कागद ओळखू येत असेल तर ते कच्चे आहे असे समजून पुन्हा ढिगात टाकावे.

मोठा नाडेप हौद ३ मीटर लांब, १.८ मीटर रुंद व ०.९ मीटर उंच असतो आणि त्यास १,४०० ते १,५०० किलो काडीकचरा लागतो. अशा हौदात दहावा हिस्सा म्हणजे १४० किलोपर्यंत कागद सामावतो. शाळा किंवा ग्रामपंचायत ह्यांच्याकडील निकामी कागदाची सोय लावण्यास हा मार्ग उत्तम आहे. गांडूळ खताच्या वाफ्यातही भिजविलेल्या पुठ्ठ्याचे तुकडे शेणाबरोबर बिछान्यासाठी घालता येतात.

रोपांसाठी कागदी पेले

काकडी, दोडका, कारले, दुधी भोपळा ह्या वेलवर्गीय भाज्यांच्या रोपांची मुळे दुखावलेली खपत नाहीत. म्हणून त्यांचे बी बहुधा काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत लावतात आणि लावणीनंतर त्या पिशव्या बांधावर उडत राहतात. त्याऐवजी कागदी पेले करावेत.

पाच-सहा सेंटिमीटर व्यासाचा डबा किंवा बाटली घ्यावी. वर्तमानपत्राची पंधरा सेंटिमीटर रुंद पट्टी तिच्याभोवती तीन फेरे गुंडाळावी. पाच सेंटिमीटर भाग तळाखाली राहू द्यावा व तो दुमडून घट्ट दाबावा. डबा काढून घेतला की दहा सेंटिमीटर उंचीचा पेला तयार होतो. खळ किंवा दोरा लागत नाही. त्यात निम्मी माती व निम्मे चाळलेले कुजलेले खत भरावे. माती भारी काळी असल्यास थोडी वाळू मिसळावी. पेले एकमेकांस खेटून घमेल्यात किंवा खोक्यात उभे ठेवावेत, म्हणजे ते फाटत नाहीत. उन्हाळी पिकासाठी पौष-माघात प्रत्येक पेल्यात दोन बिया लावाव्यात व उगवल्यावर सशक्त रोप ठेवून दुसरे कापून टाकावे.

दोन-तीन खरी पाने आली म्हणजे, साधारण अठरा ते बावीस दिवसांत, रोप पेल्यासह खड्ड्यात लावावे. लावताना पेल्याचा तळ फाडून सैल करावा आणि कड मातीच्या वर राहू देऊ नये. कड वर राहिल्यास ती दिव्यातील वातीप्रमाणे खालची ओल वर ओढते व मुळांजवळील माती कोरडी पडते.

बियाण्याची परीक्षा

वर्तमानपत्राच्या कागदाचा आणखी एक उपयोग बी पेरण्यापूर्वीच होतो. २०२० च्या खरिपात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी राज्यात मोठ्या प्रमाणावर झाल्या. घरचे बियाणे पेरणीपूर्वी तपासून घ्यावे हा धडा त्यातून पुन्हा मिळाला. भाजीपाल्यासही तो लागू आहे.

कागदाची चौपदरी घडी करून ती भिजवावी व पाणी निथळू द्यावे. तिच्यावर दहा बिया ओळीने अंतरावर मांडून हलकी गुंडाळी करावी. अशा दहा गुंडाळ्या, म्हणजे शंभर बिया, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सावलीत ठेवाव्यात आणि कागद सुकू लागल्यास पाणी शिंपडावे. सोयाबीन चार-पाच दिवसांत, भेंडी व गवार आठवड्याभरात मोजता येतात. वांगी व मिरची ह्यांना दोन आठवडे द्यावेत. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण भेंडीत शेकडा ६५, टोमॅटो व वांग्यात ७० आणि मिरचीत ६० ठरविलेली आहे. शंभरांपैकी भेंडीच्या पन्नासच बिया उगवल्या तर बियाणे तीस टक्के अधिक वापरावे. त्याहूनही फार कमी उगवल्या तर ते बियाणे पेरण्याच्या फंदात पडू नये. विकत घेतलेल्या बियाण्यास औषध लावलेले असते, म्हणून चाचणीनंतर हात साबणाने धुवावेत.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय करावे?

कागदाविषयी नुसते सांगून गावकऱ्यांचा विश्वास बसणार नाही. ह्यासाठी दोन साधी प्रात्यक्षिके सुचवावीशी वाटतात.

पहिले प्रात्यक्षिक माघ महिन्यात सुरू करावे. एकाच परसात वांग्याचे किंवा मिरचीचे दोन सारखे वाफे घ्यावेत. एकावर कागद व पाला ह्यांचे आच्छादन करावे, दुसरा उघडा ठेवावा. बोटाने ओल पाहूनच दोहोंस पाणी द्यावे. प्रत्येक वाफ्यास किती हंडे पाणी लागले, खुरपणीस किती वेळ गेला आणि किती भाजी निघाली ह्याची नोंद त्या घरच्या गृहिणीकडे वहीत ठेवण्यास द्यावी. पाणी वाहून आणणारीने स्वतः केलेली नोंद शेजारणींना जितकी पटेल तितके कोणतेही व्याख्यान पटणार नाही.

दुसरे प्रात्यक्षिक शाळेच्या परसबागेत करावे. दोन सारख्या कुंड्यांत एकच माती भरावी. एकीत बारीक फाडलेला कागद ओंजळ-दोन ओंजळी मिसळावा. दोहोंत पालक किंवा मोहरी पेरावी. तीन-चार आठवड्यांत कागद मिसळलेल्या कुंडीतील रोपे फिकट व खुजी दिसू लागतात. नत्राची ओढाताण म्हणजे काय, हे मुलांना त्यावरून सहज उमजते आणि मुले ती गोष्ट घरी जाऊन सांगतात.

ही प्रात्यक्षिके करताना गावात वाळवीचा उपद्रव आहे का, हे आधी विचारून घ्यावे. एकाच घरी वाळवी लागली तरी सारे गाव हा उपाय टाकून देईल. कीटकनाशकाची खोकी वापरली जात नाहीत, इकडेही कटाक्षाने लक्ष द्यावे.

कागदाने जमीन एका वर्षात सुपीक होत नाही, किंवा कोरडी विहीर भरत नाही. कागदाचे काम मर्यादित आहे. वाफ्यात घातलेला हंडाभर पाणी झाडापाशी थोडे अधिक दिवस राखून ठेवणे, एवढेच त्याच्याकडून अपेक्षावे. ज्या घरी वैशाखापर्यंत चार झाडे हिरवी राहिली, त्या घरी ही मर्यादित मदतही मोलाची ठरते. येत्या उन्हाळ्यासाठी कागद आतापासून जमवावा, निवडावा व कोरड्या जागी ठेवावा. तो पांघरताना पांघरावा, कुजवताना खड्ड्यात कुजवावा आणि जाळणे मात्र आजपासून बंद करावे.